दादाचा चेहरा, जाड रंगात

वाशिंद
रविवार, दि. ८ फेब्रुवारी २००४
सकाळी ११ वाजून ४० मिनिटं

दादा,

मायना काय घालावा ते ठरेना, म्हणून दोन कागद फाडले. थोरल्या भावाला घालतात तो मायना तुला घातला, तर पुढे मी जे लिहिणार आहे ते त्याखाली शोभत नाही. म्हणून नुसतं दादा.

आत्ता चित्रांच्या शेडमध्ये मी एकटा आहे. सर, म्हणजे शेडचे मालक, रविवारी डोंबिवलीहून येत नाहीत. सकाळपासून पेस्ट मळत होतो. ॲक्रिलिक रंग, सफेद गोंद आणि मार्बलची पावडर. पावडर कमी पडली तर वाळताना तडा जातो, म्हणून मी ती चाळून घालतो आणि थोडी जास्तच घालतो. मग पेस्ट पातीने कॅनव्हासवर थापायची. आमचं चित्र बोटांना लागतं, पाकळीला कड असते, लाटेला उंचवटा असतो. बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट आणि हॉटेलं ही आमची गिऱ्हाइकं. हात धुऊन, पुसून मग हा कागद घेतला आहे, तरी कुठे पांढरा डाग दिसला तर तो त्याचा.

२७ जानेवारीला वापीच्या हॉटेलात आम्ही सूर्यफुलांचं मोठं चित्र उतरवलं, तेव्हा फ्रेमचं दुसरं टोक तू धरलं होतंस. मी तुझा चेहरा ओळखला नाही. तू गेलास तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आधी अंगठा ओळखला, मधोमध चिरलेलं नख. मग वर पाहिलं, तर डाव्या भुवईत विळ्याची खूण. तू विचारलंस, "किधर से आया?" मी म्हणालो, "वाशिंद से. गाव किन्हवली." आणि फ्रेमचा कोपरा तुझ्या हातून सुटला. तो कोपरा चेपला. सरांनी माझं काही ऐकून घेतलं नाही.

हॉटेलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी आपण जे बोललो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तू विचारलंस, "आई हाय?"

"हाय."

"बाबा?"

"सत्त्याण्णव साली गेले."

"आनि ती?"

"ती पन हाय घरात."

"आजून?" तू म्हणालास.

तेवढ्यात तुझा मुलगा "पप्पा, चाबी" म्हणत धावत आला आणि तू गेलास.

आजून म्हणजे कशी ते लिहितो. तू पौषात म्हशाच्या जत्रेला बैलजोडी विकायला गेलास. जोडी विकताना तुला पाहिलेले लोक भेटले, पुढे तू कोणाला दिसला नाहीस. पैशासाठी घाटात कोणी मारला, असं सगळ्यांनी धरलं. अनितावहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, लग्नाला वर्ष झालेलं. ती माहेरी गेली नाही. आपली खाचरं तीच लावते, आईचं पथ्यपाणी तीच बघते. तुझ्या नावाचं कुंकू लावते. हळदीकुंकवाला बायका तिला बोलावतात, पण कुंकू लावताना एकमेकींकडे बघतात. लावावं की नाही, त्यांनाही कळत नाही.

आता बारा वर्षं भरली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, हे तुला माहीत आहे. मग ती विधवा ठरेल, आणि विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. मुरबाडचा हेमंत कल्याणच्या जीपवर असतो. त्याची बायको बाळंतपणात गेली, एक मुलगी आहे. तो तयार आहे, वहिनी तयार आहे, आईला काकाने महिनाभर समजावून तयार केलं. शनिवार २० मार्च, अमावास्या, हा दिवस धरला आहे.

तू जिवंत आहेस हे मी सांगितलं तर वहिनी विधवा ठरत नाही, टाकलेली ठरते. टाकलेलीला नवऱ्याची सोडचिठ्ठी लागते. म्हणून तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. एकतर ये. नाहीतर सोडचिठ्ठी सही करून पाठव. यातलं काही केलं नाहीस तर आम्ही तुला जाळणार. ही धमकी नाही. कळवतो आहे.

पाकिटावर तू तिथे लावतोस ते नाव घातलं आहे. उत्तर शेडच्या पत्त्यावर पाठव, घरच्या नको.

आदेश


किन्हवली
गुरुवार, दि. ४ मार्च २००४

दादा,

तुझी मनीऑर्डर शेडवर मिळाली. दोन हजार. खाली कुपनावर लिहिलं आहेस, "खर्चाला. जे ठरलंय ते करा." मी ते कुपन बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

मी काकाला सांगितलं की सरांनी उचल दिली. काका म्हणाला, "देवमानूस हाय तुझा सर." मी हो म्हणालो.

इथे एक वेगळंच निघालं आहे. पुतळ्याला डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. आईला हे कळल्यावर ती अडून बसली. "नारळाला मी पोरगा कशी म्हनू? त्याला डोले नाय, नाक नाय. मेला तवा तोंड नाय बघितलं, आता तरी बघून जाळू द्या." काकाने समजावलं, भटजींनी समजावलं. आई म्हणाली, "एवढा मोठा पेंटर घरात हाय ना? लोकांच्या बंगल्यात फुलं लावतो. भावाचं तोंड कर म्हनावं." भटजी म्हणाले, नारळावर बांधायला हरकत नाही.

म्हणून मी गेले दहा-बारा दिवस पडवीत बसून तुझा चेहरा करतो आहे. तुझा फोटो घरात एकच आहे, लग्नातला, त्यात मुंडावळ्यांमुळे नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. सर म्हणतात, चेहरा जाड रंगात करू नये, पाती घसरली की माणूस बदलतो. पण मला दुसरं काही येत नाही. कॅनव्हासचा तुकडा घेतला, पेस्ट घरी आणली. नाक एकदम थापलं तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं, मग ते बसतं. म्हणून एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. भुवईतली खूण पातीच्या टोकाने काढली. ती पहिल्याच खेपेला जमली.

मंगळवारी वहिनी चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच उभी राहिली.

"भावजी, हे गाल कोनाचे?"

"दादाचे."

"त्याला गाल नव्हते. हनुवटी अशी टोकदार होती, मी हसायची त्याला, खुरपं म्हनायची." मग ती वाकली. "आनि कपाळ इतकं वर कदी गेलं?"

मी पाती पुसत राहिलो. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. दादा, मी खरंच जाणूनबुजून केलं नाही. मला वाटत होतं मी लहानपणी पाहिलेला तू करतो आहे. हाताने वापीचा केला.

तिने गालावर बोट टेकवलं. तो थर अजून मऊ होता, बोटाचा ठसा उठला.

"कुठं हाय?"

"वापीला."

"एकटा?"

"नाही."

वहिनीने कप खाली ठेवला आणि वर बशी झाकली. "चा निवतोय, घ्या," म्हणाली. दारापर्यंत गेली आणि मागे न बघता म्हणाली, "गाल कापू नका. असाच ऱ्हाऊ द्या. जाळायचा तर ह्याला जाळू. त्या बारीक पोराला कशाला जाळायचा?"

काल आईने चेहरा पाहिला. तिला गाल आवडले. "माझ्या हातचं खाल्लं असतं तर असाच झाला असता," म्हणाली.

अजून सोळा दिवस आहेत.

आदेश


किन्हवली
सोमवार, दि. २२ मार्च २००४

दादा,

तू आला नाहीस. परवा, शनिवारी, तुला जाळलं.

या दिवसांत पळसाला पान नसतं, नुसती फुलं असतात. वाडीतली लहानी पत्रावळ्या लावते, तिच्याकडून सुकी पानं आणली. तिने मोजून दिली आणि विचारलं, "कोनाच्या जेवनाला?" काकाने सांगितल्यावर म्हणाली, "आगो बाय, आमचा कुंडलिक? तो तर मला पानं तोडू लागायचा." आणि चार पानं वर घातली.

नदीवर पुतळा मांडला. नारळावर तुझा चेहरा बांधला. आईने त्याला हात लावून पाहिला, नाक, कपाळ, भुवई. भुवईवर तिचं बोट थांबलं. ती रडली नाही, माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे जमलंय. दादा, माझ्या कामाला आजवर कोणी असं म्हटलेलं नाही, आणि तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अग्नी मी दिला. घरी बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या. तिने स्वतःच दोन्ही हात पुढे केले, तशी एक म्हातारी म्हणाली, "एवढी घाई बरी नाय गो." हेमंत नदीवर आला नाही, वर रस्त्याला जीप लावून बसला होता. दुसऱ्या दिवशी पाडवा. आपलं घर सोडून सगळ्या घरांवर गुढ्या होत्या.

आज सकाळी राख गोळा करायला गेलो. आई हट्टाने आली, हेमंतची आत्याही आली होती, पाटाचं बोलणं आजच पक्कं करायचं होतं. पानं जळली होती, लाकूड जळलं होतं, नारळ फुटून जळला होता. राखेत तुझा चेहरा पडलेला होता.

काळा पडलेला, एका कडेने वितळून आकसलेला. पण नाक होतं, गाल होते, भुवईतली खूण होती. कॅनव्हास जळून गेला आणि चेहरा सुटा झाला होता.

भटजी म्हणाले, "माझ्या पाहण्यात असं नाही." आई राखेत गुडघ्यावर बसली. "जित्ता हाय," म्हणाली. "अग्नीनं घेतला नाय माझा पोरगा. जित्ता हाय."

मी म्हणालो, "आई, त्यात मार्बलची पावडर आहे. दगडाची पूड. दगड जळत नाही."

आईने वर पाहिलं. "मग माझ्या पोराच्या तोंडात दगड कशाला घातलास?"

काका तिथेच माझ्यावर उसळला. "वा रे पेंटर! जाळायचा माल, आनि गॅरंटी पाच वर्सांची?" हेमंतच्या आत्याने पदर सावरला. "ज्याला अग्नीनं घेतला नाय, त्याच्या बायकोला आमी कशी घेऊ? उद्या दारात उभा ऱ्हायला तर?" आणि ती चढण चढून जीपकडे गेली. थोड्या वेळाने जीप गेल्याचा आवाज आला.

काका म्हणतो ते खरं आहे. आमच्याकडे माल टिकायला करतात. तडा जाऊ नये म्हणून मी सवयीने पावडर चाळून, जास्तच घातली. हे जळायला हवं आहे, हा विचार मला एकदाही शिवला नाही.

आदेश


वाशिंद
मंगळवार, दि. ३० मार्च २००४
रजिस्टर पोस्टाने

दादा,

आईने तुझा चेहरा धुऊन देव्हाऱ्यात ठेवला आहे, पूर्वजांच्या टाकांच्या बाजूला. टाकांमध्ये नाही, बाजूला, कारण ते मेलेले आणि तू जिवंत. रोज त्याला ताट दाखवते. ताट वहिनीने वाढायचं. कालवण कमी तिखट, तुला तिखट चालत नव्हतं म्हणून.

गुरुवारी कासारीण आली होती. आईने तिला आत बोलावलं आणि वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. वहिनी म्हणाली, "आई, माझे हात आता मोठे झाल्यात, नाय जायच्या." आईने हाताला साबण लावला. एक फुटून काच हातात गेली, तरी भरल्या.

मी आईला सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. काय सांगू? तुझा पोरगा जित्ता आहे हे ती बरोबरच म्हणते आहे.

सोबत स्टॅम्पपेपर आहे. सोडचिठ्ठीचा मजकूर मी लिहिला आहे, कुठे खाडाखोड नाही. ती कोर्टाची लांबलचक मराठी वाचायची नसेल तर वाचू नकोस, खाली फुली केली आहे तिथे फक्त सही कर. तुझं खरं नाव लिही. ते लिहून बरेच दिवस झाले असतील, म्हणून नमुन्याला बाजूला पेन्सिलीने घातलं आहे.

आदेश


किन्हवली
मंगळवार, दि. २० एप्रिल २००४

दादा,

पोचपावती आली, सही आली नाही. तेव्हा वहिनी म्हणाली, "चला, आपून जाऊ. मी मागते. मला नाय म्हनून दाखवू दे." आईला सांगितलं माझ्या सरांकडे काम आहे. परवा, रविवारी, आम्ही वापीला आलो.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, तू सहा तारखेला न सांगता निघून गेलास. राहिलेला पगारही घेतला नाहीस. माझं सूर्यफुलांचं चित्र त्याच्या डोक्यावर लावलेलं आहे. चेपलेल्या कोपऱ्यापुढे कुंडी ठेवली आहे.

त्याने मागची खोली दाखवली. तुझी तिथली बाई दारात भांडी घासत होती. मला बघून उठली आणि आतून माझी सगळी पत्रं घेऊन आली, पाकिटांसकट. तिला मराठी वाचता येत नाही. तुला पत्रं आली की तू जेवत नव्हतास, एवढंच तिला माहीत होतं. स्टॅम्पपेपर त्यातच होता, पाठवला तसा घडी घातलेला. पेन्सिलीने लिहिलेलं तुझं नाव मात्र कोणीतरी खोडलं होतं.

ती वहिनीकडे बघत होती. बांगड्या बघत होती. वहिनी कोण हे तिला कळलं की नाही, मला सांगता येत नाही. तिने विचारलं, "आप लोग उनके गाँव के हो ना? बोलो ना, वो कब आएँगे?"

तुझा मुलगा तिच्या मागे उभा होता. हनुवटी टोकदार आहे त्याची.

वहिनी म्हणाली, "बारा साल रुकना पडता हाय."

तिला ते समजलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. वहिनीने दारात पडलेलं तिचं अर्धवट घासलेलं पातेलं घेतलं, तिथेच बसून घासलं, विसळलं, पालथं घातलं आणि उठली.

कल्याणला स्टँडवर हेमंतची जीप होती. वहिनीने त्याला आधीच सगळं सांगितलं होतं. तो तिला बघून खाली उतरला. "मिळाला कागद?"

"नाय."

"मग कसं? आत्या नाय मानायची."

"आत्या ऱ्हाऊ दे. तुमी?"

हेमंत जीपच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. मग "मुरबाड, मुरबाड, मुरबाड" ओरडायला लागला, कारण मागे दुसरी जीप लागली होती. वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसली, बाकीच्या पॅसेंजरांसारखी.

घरी आल्यावर आई ताट वाढायची वाट बघत बसली होती. वहिनी तिच्यापुढे बसली. "आई, मी वापीला जाऊन आले. कोनीतरी सांगितलं व्हतं, तिथं हाय म्हनून. सगळं बघितलं. कुंडलिक नावाचा तिथं कोनी नाय."

यात एक शब्दही खोटा नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही कोणी."

"नीट बघितलंस?" आईने वहिनीला विचारलं.

"नीट बघितलं."

काल सकाळी आईने देव्हाऱ्यापुढे ताट ठेवायला सांगितलं नाही. संध्याकाळी वहिनीने चेहरा उचलला, फडक्यात बांधला आणि नदीच्या डोहात सोडला. दगडाचा असल्यामुळे तो लगेच खाली गेला. येताना वाटेत तिने बांगड्या काढायचा प्रयत्न केला. निघाल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "परत फोडतील ना." आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "भावजी, ह्या टायमाला कागदावर करा."

भटजींनी बुधवार १९ मे दिला आहे, पुढची अमावास्या.

हे पत्र तुझ्या तिथल्या बाईच्या पत्त्यावर टाकतो. आलास तर देईन म्हणाली. हिशेब कोणी विचारलेला नाही, पण तुझे पैसे आहेत म्हणून तुला लिहितो.

जमा
तुझी मनीऑर्डर: २०००

खर्च
लाकूड, पळसाची पानं, नारळ, दर्भ: ४१०
भटजी: ५०१
चेहऱ्याची पेस्ट व कॅनव्हास (सरांनी पगारातून कापले): २६०
हिरव्या बांगड्या: ३०
स्टॅम्पपेपर व रजिस्टर: १२८
वापीला जाणं-येणं, दोघांचं: ३१२
कल्याण ते मुरबाड जीप, एक सीट: १८ (माझी. वहिनीचे हेमंतने घेतले नाहीत.)
एकूण: १६५९
शिल्लक: ३४१

देणं
भटजी, दुसऱ्या वेळचे: ५०१
लहानी, दुसऱ्या वेळची पानं: ६०
ड्रॉइंगचा कागद एक, पाण्यातले रंग: २२ (शहापूरच्या दुकानात उधार. मार्बल पावडर नाही.)
एकूण: ५८३

कमी पडतात २४२. ते मी घालतो. तुझ्याकडून येणं काही नाही.

आदेश